बाईंचा डोंगर झिजेना

पुस्तकातून भूगोल शिकवणं म्हणजे पाटावर बसवून पोहायला शिकवण्यासारखं आहे, असं भूगोलाच्या बाई शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाल्या आणि तिथेच त्यांचे ग्रह फिरले.

त्याला कारणही तसंच होतं. मुख्याध्यापकांना सगळी शाळा ‘मोठे सर’ म्हणायची. त्या मोठ्या सरांनी त्याच दिवशी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं होतं की आठवीचे भूगोलाचे तास आता गणिताला द्यायचे. पोरांचं गणित कच्चं आहे. भूगोलाचं काय, तो घरीसुद्धा वाचता येतो. गणिताचे सर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे कान हसत होते, असं बाईंना स्पष्ट दिसलं.

“माझा एक तास साहेबांना बघू द्या,” बाई म्हणाल्या. “डोंगर कसा झिजतो ते मी मुलांच्या डोळ्यांसमोर झिजवून दाखवते. नाही झिजला तर खुशाल घ्या माझे तास.”

शाळा तपासायला येणारे साहेब त्याच महिन्यात यायचे होते. मोठे सर लगेच हो म्हणाले. माणूस इतक्या चटकन हो म्हणाला की समजावं, आपण जिंकणार याची त्याला खात्री आहे.

त्या काळी शाळेत भूगोलाचं सामान म्हणजे एक चुरगळलेला नकाशा आणि समुद्रात पोचा पडलेला एक पृथ्वीगोल. बाईंनी ठरवलं, आपण खरा भूगोल दाखवायचा. सुरुवात त्यांनी विदारणापासून केली. ऊन, पाणी, झाडांची मुळं यांनी खडक जागच्या जागी कसा फुटतो, हे दाखवायला शाळेची मागची भिंत अगदी नामी होती. भिंतीला भेग होती आणि भेगेतून एक रोपटं वर आलं होतं. बाईंनी आदल्या दिवशी ते पाहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग घेऊन गेल्या. तर रोपटं उपटलेलं, भेग बुजवलेली आणि भिंतीवर चुन्याचा ताजा हात.

हे काम मामांचं. मामा म्हणजे शाळेचे शिपाई. सगळ्या मुलांचे मामा, शिक्षकांचे मामा, मोठ्या सरांचेही मामाच. घंटा देऊन झाली की त्यांच्या हातात झाडू नाहीतर थापी असायची. आवारात काही वाकडं, फुटकं, सांडलेलं दिसलं तर ते दिवस मावळायच्या आत सरळ करायचं, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी शाळेचा फोटो काढायला आलेल्या माणसाच्या कॅमेऱ्याची तिरकी तिपाईसुद्धा त्यांनी सरळ केली होती, आणि फोटोत सगळ्यांचे फक्त पाय आले होते.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग वर्गाशेजारच्या मोकळ्या जागेत मुलांकडून माती आणि वाळूचा कमरेएवढा डोंगर रचून घेतला आणि मामांना बजावलं, “मामा, भिंतीचं झालं ते झालं. हा डोंगर तरी सांभाळा. याला काही होता कामा नये.”

मामांनी मान डोलावली. मामांनी मान डोलावली की काळ्या दगडावरची रेघ.

पहिल्या दिवशी मुलांनी झारीने डोंगरावर पाणी घातलं. काय सुंदर झिजला! उतारावर ओघळ पडले, ओघळांच्या घळी झाल्या, पायथ्याशी गाळाचा पंखा पसरला. खनन, वहन, संचयन, तिन्ही शब्द मुलांनी चिखलात उभं राहून पाठ केले. बाई संध्याकाळी कोपरापर्यंत माखून घरी गेल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “शाळेत शिकवतेस की म्हशी धुतेस गं?” पण बाईंना त्याचंही काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बघतात तो डोंगर पुन्हा जसाच्या तसा. ओघळ नाही, घळ नाही. उलट शेंडा जरा जास्तच टोकदार.

बाईंना वाटलं, आपलाच काही घोटाळा असेल. पुन्हा पाणी घातलं, पुन्हा झिजवला, पुन्हा सकाळी डोंगर न्हाऊन-माखून उभा. असं रोज व्हायला लागलं. आणि दर दिवशी तो आधीपेक्षा घट्ट. पहिल्यांदा एका झारीत पडणाऱ्या घळीला आता बादली लागायला लागली. पहिल्या बाकावरची चुणचुणीत मुलगी शेवटी उभी राहिली.

“बाई, डोंगर दिवसा झिजतो आणि रात्री भरून येतो का? आमच्या आजीचा पाय दिवसा सुजतो आणि रात्री उतरतो, तसं?”

वर्गातल्या निम्म्या मुलांनी माना हलवल्या. त्यांना ते पटलं होतं. बाईंनी घाईघाईने तिला खाली बसवलं. साहेबांसमोर ही मुलगी हेच बोलली तर आठवीचाच काय, सातवीचा भूगोलही गणिताच्या घशात जाईल.

शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर म्हणाले, “बाई, डोंगर अंगाने भरलाय हं तुमचा. चांगलं खायला-प्यायला घालता वाटतं?”

झालं. बाईंचा संशय पक्का झाला. चोराच्या मनात चांदणं ते हेच. त्या दिवसापासून त्यांनी सरांच्या किटलीतला चहा घेणं सोडलं. सर वर्गात असले की त्यांच्या नखांत माती दिसते का बघायच्या. माती दिसायची नाही, खडू दिसायचा. माणूस हात धुऊन येतो, म्हणजे किती बेरकी, असं त्या घरी सांगायच्या.

साहेब सोमवारी येणार होते. शनिवारी मुलांनी बादल्या ओतून ओतून डोंगर मनासारखा झिजवला आणि बाई मामांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “मामा, कोणीतरी रोज माझ्या डोंगराची वाट लावतंय. साहेब येईपर्यंत त्याला कुणाचा हात लागता कामा नये.”

“कोण ते मला ठाऊक आहे बाई,” मामा गंभीरपणे म्हणाले. “पण कुणाचं नाव घेत नाही. आता त्यांचं काही चालायचं नाही, असं करून ठेवतो.”

बाईंच्या मनात गणिताचे सर. मामांच्या मनात कोण, ते बाईंनी विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

सोमवारी साहेब वेळेआधी आले. मोठ्या सरांनी त्यांच्यासाठी फाटकापासून कचेरीपर्यंत लाल मुरमाची नवी वाट करून घेतली होती, दोन्ही बाजूंना फुलझाडं. वाटेच्या कडेलाच साहेबांनी आपली स्कूटर लावली आणि मोठ्या सरांकडून तासांची भानगड ऐकत ऐकत सगळे थेट डोंगराकडे आले. डोंगर पुन्हा गुळगुळीत! बाईंनी गणिताच्या सरांकडे जळजळीत नजर टाकली. सरांनी बिचाऱ्यांनी नमस्कार केला. असू दे, बाईंनी मनात म्हटलं, बादल्या भरलेल्या आहेत.

“घाला पाऊस,” त्या मुलांना म्हणाल्या.

झारीचं पाणी पडलं. वरची भुरभुरीत माती ओघळून खाली आली. साहेब वा म्हणाले. आणि मातीखालून करडा, चकचकीत, पाण्याच्या टाकीसारखा डोंगर बाहेर आला.

बादली ओतली. पाणी आलं तसं घसरून गेलं. आणखी एक ओतली. साहेबांनी पुढे होऊन डोंगरावर बोटाने टकटक केलं.

“बाई, हा सिमेंटचा आहे.”

तेव्हा मामा अभिमानाने पुढे झाले. “तुम्हीच म्हणालात ना बाई, याला काही होता कामा नये. ही पोरं रोज पाणी ओतून त्याची दैना करायची. मी रोज संध्याकाळी भर घालून धुम्मसाने ठोकून ठेवायचो. तुम्हाला सांगितलं असतं तर पोरांना मार बसला असता, म्हणून बोललो नाही. टाकीच्या कामातलं सिमेंट उरलं होतं, त्याचा परवा जाड थर दिला. काल दिवसभर पाणी मारलंय, वरून शोभेला माती भुरभुरलीय. आता नाही हलायचा.”

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मोठे सर मात्र खुलले. “चालू दे की, चालू दे,” म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने नळाला रबरी नळी जोडली आणि डोंगरावर धार धरली. बाईंची पुरती शोभा करायची तर ती हात राखून कशाला?

पाण्याला मात्र कुठेतरी जायला हवंच. सिमेंटवरून ते दुप्पट जोराने उतरलं, उताराने निघालं आणि मोठ्या सरांच्या नव्या वाटेत शिरलं. पहिल्यांदा पाहिलं ते त्या चुणचुणीत मुलीने.

“बाई, खनन!”

सगळे वळले. लाल मुरमात लांबच लांब घळ पडत होती. “वहन!” दुसरं कोणीतरी ओरडलं, कारण फुलझाडं मुळांसकट कचेरीकडे निघाली होती. कचेरीच्या दारात लाल गाळाचा पंखा पसरायला लागला तेव्हा अख्ख्या वर्गाने एका सुरात “संचयन” म्हटलं. आणि साहेबांच्या स्कूटरच्या स्टँडखालची माती हळूहळू निघून गेली. स्कूटर थोडी कलली, विचारात पडली आणि गाळात आडवी झाली. नळी अजून मोठ्या सरांच्याच हातात होती.

साहेबांनी स्कूटर उभी केली, पुसली, आणि मोठ्या सरांना म्हणाले, “मुलांना कळलंय. भूगोलाचे तास राहू द्या. गणिताचं काय, ते घरीसुद्धा करता येतं.”

बाईंनी त्या दुपारी गणिताच्या सरांच्या किटलीतला चहा स्वतःहून मागून घेतला. सरांनी कप काठोकाठ भरून दिला.

पुढे तो डोंगर काढायला पहार आणली, ती वाकली. मग तो तसाच राहिला. आवारातली भिंत नवी झाली, मुरमाची वाट गेली, मोठे सर गेले. बाईंचे केस पिकले, गुडघे झिजले, आणि एक दिवस त्या निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण संपवून काठी टेकत फाटकाकडे निघाल्या तेव्हा म्हातारे मामा डोंगरापाशी उभे होते. त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने त्याचा शेंडा पुसला.

“बाई,” ते म्हणाले, “सांभाळलाय हं.”