बीच्या बाजूचा माणूस

माझ्या नावापुढे बी.कॉम. लागलं ते गोव्यातल्या आमच्या हरमलच्या शाणूमामामुळे. मामा म्हणजे सगळ्या गावाचाच मामा; तो स्कूटर दुरुस्त करायचा. शाळा त्याने चौथीत सोडली होती, आणि कायद्याच्या पुस्तकातले ‘ए’ आणि ‘बी’ ही खरीखुरी माणसं आहेत अशी त्याची पक्की समजूत होती.

आमच्या घरच्या दोन्ही खोल्या पर्यटकांना दिलेल्या, म्हणून मी अभ्यासाला मामाच्या गॅरेजातल्या बाकावर बसायचो. पेडण्याच्या शाळेत शिकलेलं माझं इंग्रजी कॉलेजात पुरेना. पहिल्याच वर्षी बिझनेस लॉमध्ये नापास झालो. पुन्हा नापास झालो तर कॉलेज बंद आणि बाबांबरोबर होडीवर, असं घरी ठरलं होतं. होडीत वाईट काही नव्हतं, पण मला समुद्र लागायचा.

म्हणून मी एकेक उदाहरण मोठ्याने वाचून मराठीत सांगू लागलो. एने बीला घोडा विकला. घोडा आजारी आहे हे एला ठाऊक होतं. बीने विचारलं, तर ए म्हणाला, एकदम धडधाकट.

मामाचा हात थांबला. “ह्यो ए खंयचो रे?”

“पुस्तकात दिलेलं नाही.”

“डिचोलीचो आसतलो.”

दुसऱ्या दिवसापासून मी बाकावर टेकायच्या आत प्रश्न यायचा. “आज ए-न काय केल्यान?” ए धाक घालून सह्या घ्यायचा, शब्द द्यायचा आणि फिरवायचा. एकदा बी सतरा वर्षांचा निघाला, तेव्हा मामा भडकला.

“काल तर घोडो घेय होतो! आज पोरगो कसो झालो?”

“मामा, हा वेगळा बी.”

“वेगळो कसो? नाव ताच ना?” मग विचार करून म्हणाला, “म्हणजे ए त्याच्या ल्हानपणापासून मागे लागलो हा.”

बी सुटल्याशिवाय मामा पान उलटू देत नसे. त्याला सोडवायचं म्हणजे मला कलम शोधावं लागे, आणि तोच माझा अभ्यास. कोणी म्हणालं, “मामा, माझो क्लच?” तर, “थांब रे, बीची केस चल्ल्या.” गिऱ्हाइकंही मतं देऊ लागली. पाव विकणाऱ्या पोदेराने एकदा एची बाजू घेतली; त्या दिवशी त्याच्या सायकलीत हवा भरली गेली नाही.

मग एका संध्याकाळी मी वाचलं : बीची हरवलेली पिशवी एला सापडली आणि एने ती त्याला नेऊन दिली.

मामाने हात पुसले. “आपणहून?”

“हो.”

“परत वाच.”

मी तीनदा वाचलं. मग पुस्तकात डोकावत मामाने हळूच विचारलं, “ए आनी बी भाव काय रे?”

“भाऊ आहेत असं काही लिहिलेलं नाही, मामा.”

घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “ता गॅरेज दोघां भावांचा होता. थोरलो भांडान डिचोलीक गेलो, थंय आपला वेगळा गॅरेज काढल्यान. तेच्या मागसून बोलणाच नाय.” गॅरेजच्या पाटीवर मामाच्या नावाशेजारी एक फिकट नाव होतं. त्याचा रंग उन्हाने उडाला असेल असं मी इतके दिवस समजत होतो.

परीक्षेत कलमांचे आकडे मी विसरलो, पण बीला कुठे, कसं सोडवलं ते सगळं आठवलं. सुट्टीत वास्कोला एका जहाज कचेरीत कामाला होतो, तिथे निकाल कळला. त्याच दिवशी पत्र टाकलं :

“तीर्थस्वरूप शाणूमामा यांस साष्टांग नमस्कार.

मी पास झालो. तुम्ही पान उलटू दिलं नाही म्हणून झालो. बाबांना आजच कळवतो आहे, पण पहिलं पत्र तुम्हाला.

पुढच्या वर्षाचं पुस्तक इथल्या एका मित्राकडे मिळालं. त्यात ए आणि बी यांनी मिळून कापूस घेतला आहे आणि दोघे भागीदारीत धंदा करतात. आधी काय झालं ते कोणी काढत नाही. भाऊ आहेत की नाहीत, ते इथेही लिहिलेलं नाही.

रविवारी येतो, तेव्हा सगळं वाचून दाखवीन. येताना डिचोलीवरून यावं म्हणतो. वाट वाकडी पडते, पण बस आहे. तिकडे काही निरोप द्यायचा असला तर कळवा.

तुमचा,
प्रकाश”