वरून ओतलेला चहा

हॉटेलात कुणी “पहिल्यासारखं आता काय राहिलं न्हाई” म्हटलं, की यशवंतअण्णा कप खाली ठेवत. बाहेर जात, पायरीखाली उकिडवे बसत आणि चहा ओतायला मालकापुढे ओंजळ करत.

“वत. वरूनच वत. जुना काळ पायजे म्हणायलेत न्हवं?”

हुलसूरकडे जाणाऱ्या फाट्यावरचं हे हॉटेल. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास बसची वाट पाहत मी तिथे बसत असे. अण्णांच्या तरुणपणी त्यांच्या वस्तीला तिथे चहा असाच मिळे : बाहेर, ओंजळीत, वरून. पुढे वस्ती बौद्ध झाली, अण्णा आत येऊन बाकावर बसले, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक गोष्टीची बाजू घेऊ लागले. हायब्रीड ज्वारीच्या भाकरीला कुणी नावं ठेवली, की दात नसताना तीच चावून दाखवत. भर वैशाखात टेरिलीनच्या सदऱ्यात घामाघूम बसत. वीज गेली म्हणून लोक वैतागले, की शांतपणे विचारत, “गेली म्हंजे आधी आलती न्हवं?”

मेंढरं राखून म्हातारा झालेला मल्लप्पा त्यांच्याच वयाचा. त्याला जुनं सगळं गोड. तेव्हा घरोघरी लोणी होतं, असं तो रोज सांगे. अण्णा रोज विचारत, “कुणाच्या घरात?”

एका दुपारी पुन्हा लोणी निघालं. अण्णा बाहेर जाऊन बसले. आता हॉटेल चालवणारा जुन्या मालकाचा मुलगा एरवी त्यांना हातापाया पडून आत आणी. “गिऱ्हाईकं बघतात,” असं म्हणे. “बघू दे की, त्येच्यासाठीच बसलोय,” असं अण्णांचं उत्तर ठरलेलं. त्या दिवशी तो चिडला आणि त्याने खरंच ओतला. चहा उकळता होता. अण्णांनी ओंजळ सोडली नाही.

मल्लप्पा उठला. बाहेर जाऊन अण्णांच्या शेजारी बसला आणि त्यानेही हात पुढे केले.

“तवा मी आत बसून प्यायचो, यशवंता. तुझ्याकडं बघत. मला बी वत रे.”

किटली कलली. अण्णांनी ओंजळीतला चहा टाकला आणि मल्लप्पाचे हात बाजूला ढकलले.

“तू कामून भाजून घ्यायलास? ऊठ. आत चल.”

आत त्यांनी दोघांत एकच चहा सांगितला. लाल झालेल्या बोटांच्या टोकांनी कप धरून अर्धा प्यायले आणि उरलेला पुढे सरकवला. मल्लप्पाने कप फिरवून घेतला नाही. अण्णांचे ओठ लागले होते, त्याच कडेने प्यायला.