अठरा अंशांचा पाट

चौदा मुलं, चौदा माना, अठ्ठावीस मनगटं, एक सतरंजी, दोन ट्यूबलाइट, त्यातली एक मिचमिचणारी, आणि कंपासपेटीतला एक चांदा. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी गुजराती मुलखात, कोसाडच्या वसाहतीतल्या मराठी मुलांच्या शिकवणीत एवढं होतं. तिथं शिकवणाऱ्या अमृताने ते दोनदा मोजलं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाचा पहिल्या मोजणीवर विश्वास नसतो.

मग तिने दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, एकेकाच्या कानाशी धरला आणि मान किती झुकते ते चांद्यावर वाचलं. सरासरी सेहेचाळीस अंश! सतरंजीवर कुणी चौदा प्रश्नचिन्हं मांडून ठेवावीत तशी मुलं बसली होती.

सगळ्यांत वाईट अवस्था हर्षदाची. ती दहावीला, मार्चमध्ये बोर्ड. पेपर तीन तासांचा. हर्षदाला येत सगळं होतं, पण सराव पेपरात दोन तास वीस मिनिटं झाली की तिचं मनगट असं आखडायचं की पेन हातातून गळायचं. शेवटचे प्रश्न कोरेच!

"अजिबात काळजी करू नकोस," अमृता म्हणाली. "हा बलांचा साधा प्रश्न आहे. मान सरळ झाली, हात टेकला, की मनगट मोकळं. फेब्रुवारीपर्यंत तू तीन तास लिहिशील. लिहून देते!"

आणि खरंच लिहून दिलं. वहीत, तारखेसह!

दुसऱ्याच दिवशी तिने सखाराम सुताराला गाठलं. "काका, उतरते पाट हवेत. मांडी घालून बसल्यावर समोर ठेवायचे. उतार अठरा अंश."

"अठरा म्हंजे? थोडा की लई?"

"अठरा म्हणजे अठरा!"

सखारामने चांदा उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "ताई, तीस वर्षं पलंग करतोय. आजवर एकाही पलंगाने मला अंश विचारले नाहीत."

तरी पाट झाले. पहिल्याच संध्याकाळी चौदा वह्या आणि चौदा पेनं एकदम मांड्यांवर घसरली! अमृताने खालच्या कडेला लाकडी पट्टी ठोकून घेतली. आता पाटावर काहीही ठेवा, हलायचं नाव नाही.

आठवड्याभरात हर्षदाने हळूच विचारलं, "टीचर, पाट घरी नेऊ?"

"घरी? अभ्यासाला?"

हर्षदाने पाटाची पट्टी चाचपली. "घरी बसायला, टीचर."

अमृताला गहिवरून आलं. घरीसुद्धा ताठ बसायचंय पोरीला! तिने नुसता पाट दिला नाही, पाठीवर शाबासकीही दिली. दुसऱ्या दिवशी नऊ मुलांनी पाट मागितले. चौथ्या दिवशी पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बायका आल्या, "आम्हालाबी द्या ना, ताई." जानेवारी संपता संपता एकतीस पाट झाले! सखाराम पलंग विसरला. मानांची सरासरी एकवीस अंशांवर आली. अमृताने आलेख काढला, भिंतीला चिकटवला आणि येता-जाता लग्नाच्या फोटोकडे बघावं तशी त्याच्याकडे बघू लागली.

फक्त एक बिंदू आलेखात बसेना. हर्षदाची मान सुधारली होती, पण सराव पेपरात मनगट आता एक तास पन्नास मिनिटांनीच थांबलं.

म्हणजे पेन बारीक! अमृताने सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून सगळ्या पेनांना चढवले. पेनं दोडक्याएवढी जाड झाली, मनगट तिथंच. म्हणजे मोबाईल!

"खरं सांग, रोज किती वेळ बघतेस?"

"मोबाईल पप्पांकडे असतो, टीचर. ते पलसाण्याला जातात, मिलमध्ये. रात्री येतात."

अमृताने बावीस प्रश्नांचा तक्ता केला. झोप, उशी, दप्तराचं वजन, दूध पिते का? हर्षदाने सगळी उत्तरं नीट दिली. शिकवणी सुटल्यावर हात काय करतात, हा प्रश्न त्या बावीसांत नव्हता.

शेवटी एका रविवारी दुपारी चांदा आणि ओळंबा पिशवीत टाकून ती हर्षदाच्या घरी गेली. दार उघडंच होतं. आत चार पाट ओळीने मांडलेले. प्रत्येकावर एक साडी ताणून पसरलेली, पट्टीला अडकवलेली, जराही न घसरणारी! भरतकामाच्या मशीनवरून उतरलेल्या साड्यांच्या मागचे सुटे धागे कापायचं काम चाललं होतं. हर्षदाच्या हातात छोटा कटर होता. कच्, कच्, कच्!

"ये माय, ये! बठ!" हर्षदाची आई, कमलबाई, हसत उठली. "तुन्हा पाटनी कमालच करी! पहिले पोरनी मान दुखे, घडी घडी उठे. आते तीन तीन तास हालत नही!"

अमृताने सवयीने ओळंबा धरला. हर्षदाची मान सतरा अंश. महिन्याभरातलं सर्वोत्तम वाचन! मग तिने घड्याळ लावून कटर मोजला. मिनिटाला बेचाळीस वेळा. तीन तासांचे सात हजार पाचशे साठ!

तेवढ्यात साड्यांची पोटली वाटणारा मगन दारात आला. "बेन, आ पाट तमे बनाव्या? जोरदार! पहिले एका घरात चार साड्या द्यायचो, आता आठ! आमच्याकडे पण पंचवीस पाठवा ने!"

अमृताने घड्याळ बंद केलं. मान दुखायची म्हणून ही पोर उठत होती, आणि उठत होती म्हणून तिचं मनगट वाचत होतं. तो एकच ब्रेक होता, आणि तो अमृताने अठरा अंशांत काढून टाकला होता!

"कमलमावशी, मी पाट परत नेते."

"पाट लई जाशी त काम थोडंच कमी व्हई?" कमलबाई शांतपणे म्हणाली. "मान तेवढी पुन्हा दुखाले लागी."

आठ साड्या कबूल झाल्या होत्या, आणि नको म्हटलं तर मगन पोटलं देणंच बंद करणार होता.

"मग बोर्ड होईपर्यंत हर्षदाच्या वाटच्या साड्या मी करते!" अमृता म्हणाली.

"टीचर, तुम्हाला जमणार नाही," हर्षदा घाईने म्हणाली.

"अगं, नुसता धागा तर कापायचा!"

तिने साडी ताणली, धागा निरखला, कोन साधला आणि कापला. साडी सुलटी केली तेव्हा पदरावरच्या मोराची मान गेलेली! मोठं भोक, त्यातून अमृताचा गुडघा दिसत होता.

मगनने भोकातून बोट घालून पाहिलं. मग म्हणाला, "बेन, तमे भणावो. बस, पोरांना शिकवा." त्या मोरापायी कमलबाईला पाच साड्या फुकट करून द्याव्या लागणार होत्या.

"ऱ्हाऊ दे माय, चूक व्हस," कमलबाई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. हर्षदाने अमृताच्या हातातून कटर अलगद काढून घेतला आणि त्या पाचांतली पहिली साडी पाटावर ताणली. अमृताने चहाचा कप पाटाशेजारी ठेवला. डिसेंबरमध्ये चांदा न घेता, नुसती चहाला म्हणून एकदा या घरी आली असती तर! पण ती आली नव्हती.

पेपरांआधीचे पाच दिवस कमलबाईने हर्षदाला कटरला हात लावू दिला नाही. तिच्या वाटचं स्वतः केलं. अमृता रोज संध्याकाळी जाऊन हर्षदाचं मनगट कोमट पाण्यात शेकत होती. पाणी किती गरम, तेही तिने मोजलं नाही.

सामाजिक विज्ञानाचा पेपर तीन तासांचा होता. हर्षदाने दोन तास पाच मिनिटं लिहिलं. मग मनगट आखडलं, शेवटचे प्रश्न कोरेच.