सुबकपणाबद्दल कारणे दाखवा

एका रविवारी दुपारी आमच्या वहिनीने जोडीदार हरवलेल्या एका राखाडी मोज्यापासून हत्ती तयार केला. घटना एवढीच. तिची दखल घेण्याचे कोणाला काही कारण नव्हते, आणि कोणी घेतली नसती तर दादा, वहिनी आणि मी असे तिघे आजही निवांत असतो.

हत्ती अशासाठी म्हणायचे, की वहिनीने तसे सांगितले. त्याचा एक डोळा कोटाच्या बटणाचा होता आणि दुसरा शर्टाच्या. एक समोरच्याकडे बघत असे, दुसरा छताकडे. सोंड कानामागून निघाली होती. चारपैकी तीन पाय टेबलाला टेकत आणि चौथा अजून विचार करत असे. दादाने त्याला उचलून चहूबाजूंनी न्याहाळले आणि गंभीरपणे विचारले, "पुढची बाजू कोणती?"

त्यावर वहिनी जी हसत सुटली ती खाली फरशीवरच बसली. तिला पाहून दादा हसला, दादाला पाहून मी हसलो. इतक्यात हत्ती आपणहून कलंडला, तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्यापासून हसलो.

या हसण्याचे मोल कळायचे तर वहिनीचा पेशा सांगायला हवा. ती कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून माप येते आणि लॅबमध्ये तिच्या टेबलावर त्यातून दात उभे राहतात. केसभर चूक झाली तर कोणाच्या तरी हिरडीला फोड येतो. त्यामुळे आठवडाभर ती श्वाससुद्धा मोजून घेते. "अहो, जगात एक तरी गोष्ट अशी हवी," ती डोळे पुसत दादाला म्हणाली, "जी चुकली तरी कोणाला चावताना दुखणार नाही."

मग दर रविवारी एक हत्ती होऊ लागला. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नसे. खालच्या मजल्यावरच्या मावशी आमच्या हसण्याची तक्रार घेऊन वर आल्या आणि एक हत्ती घेऊन खाली गेल्या. त्यांचा जावई हस्तकला प्रोत्साहन कार्यालयात साहेब होता. पुढच्या रविवारी तो आमच्याकडे आला. माणूस अतिशय सज्जन. दुर्जनाला निदान कधीतरी कंटाळा येतो, सज्जनाला तोही येत नाही.

साहेबांनी पहिला हत्ती हातात घेतला, मान एकीकडे कलती केली आणि विचारले, "छान आहे. पण हे नेमकं काय आहे?"

"हत्ती," वहिनी म्हणाली.

इथेच माशी शिंकली. वस्तूला नाव मिळाले की व्याख्या लागते, व्याख्येला प्रमाण लागते, प्रमाणाला तपासनीस लागतो आणि तपासनिसाला चहा लागतो.

"काय होतं ताई," साहेब दुसरा कप घेत म्हणाले, "यंत्रावरचा माल हाताने केलेला म्हणून खपवतात. लोकांची फसवणूक होते. आता यंत्र शिवणार सरळ आणि माणूस शिवणार वाकडं. म्हणून वाकडेपणाचं प्रमाण ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. इतका निर्मळ वाकडेपणा मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता."

वहिनी लाजली. दादाची छाती फुगली. साहेबांनी हत्ती कापसात गुंडाळला.

"हा परत कधी मिळेल?" वहिनीने विचारले.

"परत?" साहेब दचकले. "अहो ताई, हा आता प्रमाण आहे."

लवकरच परिपत्रक निघाले. अस्सल हस्तनिर्मित हत्तीचा डावा डोळा उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर वर असावा. सोंड कानामागून निघावी. टेबलावर ठेवताच हत्ती ईशान्येकडे कलंडावा. नियम विकणाऱ्यांना आणि हौशी मंडळींना सारखाच लागू राहील, मात्र केवळ आनंदासाठी हत्ती केल्यास दंडात सवलत मिळेल. वहिनीला 'आद्य नमुनाकार' हा किताब आणि हत्ती करण्याचा परवाना देण्यात आला, आणि दरमहा एक ताजा हत्ती तपासणीसाठी पाठवण्याची जबाबदारीही.

वहिनी कामात कसूर करणाऱ्यांपैकी नाही. तिने लॅबमधली बारीक मोजपट्टी घरी आणली आणि होकायंत्र विकत घेतले. रविवारी दुपारी आमच्या घरात आता इतकी शांतता असे, की मावशी काळजीने वर येऊन बघून जात. आणि हाताचे काय असते, तो करता करता बसतो. टाके सारखे पडू लागले. डोळे एका रेषेत आले. एके दिवशी तर चौथा पायसुद्धा टेबलाला टेकला. आम्ही तिघे त्या पायाकडे बघत राहिलो.

आठवड्याने नोटीस आली: 'आपल्या हत्तीत आक्षेपार्ह सुबकपणा आढळला आहे. आपला परवाना का रद्द करू नये, याची कारणे दाखवा.'

घरात युद्धपातळीवर उपाय सुरू झाले. वहिनी डाव्या हाताने शिवू लागली. महिन्याभरात डावा हात उजव्याला शिकवील असा झाला. दादा शिवताना टेबल हलवी, तर ती टेबलाच्या तालावर सुई घालू लागली. माझी नेमणूक कोपराला धक्का देण्याच्या कामावर झाली होती. पण मी धक्का द्यायच्या आधीच ती म्हणे, "हं, भावजी, आता द्या." ठरवून दिलेल्या धक्क्याने कोणाचे नुकसान होत नाही.

शेवटी कार्यालयाने तिला अनाडीपणाच्या प्रशिक्षणवर्गात पाठवले. तिथल्या गुरुजींना अनाडीपणाचा दांडगा अनुभव होता. त्यांच्या हातून सुई दर तासाला दोनदा पडे, आणि दोन्ही वेळा एकाच फरशीवर. वहिनी सगळे मन लावून शिकली आणि परीक्षेत तिने पैकीच्या पैकी गुण मिळवले. अर्थातच नापास झाली. इतके गुण मिळवणाऱ्याला अनाडी कोण म्हणणार?

त्याच सुमारास बाजारात हत्तींचा पूर आला. सगळे राखाडी आणि एकमेकांची नक्कल. दुकानदाराने फळीवर रांग लावली की सगळी रांग एकदम ईशान्येला कलंडे. प्रत्येकाच्या पोटाखाली अस्सल हस्तनिर्मितीचा शिक्का होता आणि गळ्यात चिठ्ठी होती: 'मला एका ताईंनी रविवारी हसत हसत बनवले आहे.'

दादा तावातावाने कार्यालयात गेला. "साहेब, हे धडधडीत यंत्रावरचे आहेत!"

"यंत्राचं बटण हातानेच दाबतात," साहेब शांतपणे म्हणाले. "तसं प्रतिज्ञापत्र आहे. आणि खरं सांगू का, तुमच्या घरच्यांपेक्षा त्यांचा वाकडेपणा जास्त भरवशाचा आहे."

इथवर मीसुद्धा हसत होतो. पण एका संध्याकाळी वहिनी कामावरून आली ती चपलाही न काढता खुर्चीत बसली. "आज माझी एक कवळी परत आली," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डावी बाजू वर बसलीय. सरळ करायला जाते तर वाकडं होतं, वाकडं करायला जाते तर सरळ होतं. माझा हात गेला हो भावजी." आणि ती रडू लागली. मला फार वाईट वाटले. छंद गेला तो गेलाच, आता पोटाचा हातही जायची वेळ आली होती. दादाने वाकून तिच्या चपला काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच दार वाजले. दारात साहेब उभे होते, आणि त्यांचा चेहरा एका बाजूला चढला होता. परत आलेली कवळी त्यांची होती. लॅबने ती तशीच माघारी धाडली होती, आणि दुसरी नसल्यामुळे तीच घालून ते आले होते.

"ताई, हा काय प्रकार आहे?" ते म्हणाले. प्रत्येक शब्दाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती. "मला साधी काकडी चावता येत नाही!"

वहिनीचा रंग उडाला. ती "माफ करा" म्हणणार, तोच दादाने मोजपट्टी उचलली आणि अदबीने साहेबांच्या दातांना लावली. मग परिपत्रक उघडले. "डावी बाजू तीन मिलिमीटर वर," त्याने वाचले. "साहेब, तंतोतंत प्रमाणात आहे. अभिनंदन."

"पण दुखतंय!"

"मग लेखी तक्रार द्या ना. वाकडेपणामुळे त्रास होतो, असं लिहून खाली सही करा. पुढचं तुमचं कार्यालय बघेल."

साहेबांनी पेन काढले, कागदावर टेकवले, बराच विचार केला आणि परत खिशात ठेवले. वहिनीने घाईघाईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी मान ईशान्येला कलती करून घोट घेतला. घोट आग्नेयेकडून बाहेर आला.

आधी वहिनीच्या नाकातून एक आवाज निघाला. तिने तोंडावर पदर दाबला, पण उपयोग झाला नाही. ती खुर्चीवरून घसरून फरशीवर बसली. मग दादा, मग मी. साहेब क्षणभर रागावले, आणि मग काय झाले कोण जाणे, तेही फसकन हसले. त्यासरशी कवळी सुटली आणि टेबलावर जाऊन बसली, किंचित कललेली, एक बाजू अधांतरी. वहिनी हसता हसता कशीबशी म्हणाली, "पुढची बाजू कोणती?" आणि साहेबांनीसुद्धा टेबलावर डोके टेकले.

त्याच दुपारी लॅब उघडायला लावून वहिनीने त्यांची कवळी नीट करून दिली. हात पहिल्यासारखा चालला, कारण हसून हसून तो काय शिकला होता तेच विसरला होता. साहेबांनी काकडी चावून पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. नियम मात्र त्यांनी मागे घेतला नाही. नियम काही कवळी नव्हे, दुखला म्हणून काढून ठेवायला. पण जाताना ते हळूच म्हणाले, "ताई, परिपत्रक फक्त हत्तींना लागू आहे बरं का."

पुढच्या रविवारी वहिनीने एक हिरवा मोजा घेतला, हाताला येतील ती बटणे घेतली, आणि मोजपट्टी खिडकीबाहेर टाकून शिवायला बसली. जे तयार झाले ते पाहून मावशी पुन्हा तक्रार घेऊन वर आल्या, इतके आम्ही हसलो. साहेबही आले होते. त्यांनी ती वस्तू हातात घेतली, मान कलती केली, तोंड उघडले, पण आपल्या दातांची आठवण होऊन मुकाट्याने मिटले.

काय होती ती वस्तू? बघा, तुम्हालाही राहवले नाही ना? साहेबांचीही सुरुवात अशीच झाली होती.