ग्रह बदलला

“घरात नऊ प्रकारचं धान्य, आणि खायला एक पोळी नाही,” विद्याधर फ्रिजच्या दारामागून पुटपुटले.

“ऐकू येतंय हो मला!” कल्पना हॉलमधून ओरडली. ती एकटीच सोफा ढकलत होती, कारण सोफ्याच्या जागी आता होमकुंड मांडायचं होतं.

हे सगळं एका वाक्यामुळे झालं होतं. त्यांच्या क्षितिजचं लग्न त्याच्या ऑफिसातल्या रक्षिताशी ठरत आलं होतं. रक्षिताची आई कावेरीअक्का हुबळीच्या. मराठी शेजारणींकडून ऐकून ऐकून शिकलेल्या. मागच्या आठवड्यात कल्पना त्यांना फोनवर कौतुकाने म्हणाली, “रक्षिताबद्दल माझा ग्रह अगदी बदलला हो!” कल्पनाची दाढ काढली तेव्हा ही पोरगी दवाखान्यात तिचा हात धरून बसली होती, त्यावरून.

कावेरीअक्कांनी ऐकलं एवढंच, की रक्षिताचा ग्रह बदलला. कन्नडमध्ये कुणी ‘ग्रहचार’ म्हटलं की समजावं, नशीब फिरलं. “अय्यो देवरे! कुठला ग्रह? शनी काय?” म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि भटजींना, भीमाचार्यांना, लावला.

कल्पनाला तेव्हाच सांगता आलं असतं की बाई, ग्रह म्हणजे मत. पण मग आधी काय मत होतं, हा प्रश्न आलाच असता. म्हणून ती गप्प बसली, आणि तिच्या गप्प बसण्यातून नवग्रहशांत निघाली. तीही, मुलगी जिथे नांदणार त्या घरात.

“म्हंजे तुमच्याकडंच की,” कावेरीअक्का म्हणाल्या.

“अर्थात! आमच्याकडेच!” कल्पनाने तर मधली खोली रंगवूनही घेतली होती. मुलांना कुणी काही विचारलं नव्हतं. क्षितिजला तेवढा खोकला आला.

रविवारी सकाळी होम पेटला, आणि एचएसआर लेआउटच्या त्या बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये दहा मिनिटांत कुणाला कुणाचं तोंड दिसेना. छतावरचा फायर अलार्म कोकलू लागला. खालून वॉचमन आग विझवायचं नळकांडं घेऊन “बेंकी! बेंकी!” करत धावत आला. नवग्रहांवर फवारा मारण्याआधी कसंबसं त्याला केळं देऊन परत पाठवलं. अलार्म चालूच.

“अहो आचार्य, पण वाकडा ग्रह कुठला ते तरी कळू द्या!” डोळे पुसत विद्याधर खेकसले. विमानाच्या सरकारी कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात लावणं त्यांना पटत नसे.

“ग्रह म्हणजे पकडणारा,” भीमाचार्य मोठ्याने म्हणाले. “धरलं की सोडत नाही.”

“तेच म्हणतोय! तिकडच्या ‘प्लॅनेट’चा अर्थ ग्रीकमध्ये भटक्या. त्यांचे भटकतात, आपले पकडतात! आणि मराठीत मनानं धरलेलं मत, तोही ग्रहच. आता आमची ही म्हणाली ती मताबद्दल, तुम्ही उगाच शनीला…”

कल्पनाचं कोपर त्यांच्या बरगडीत पोचेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. नेमका तेव्हाच अलार्म थांबला.

कावेरीअक्कांनी तुपाची वाटी खाली ठेवली. “म्हंजे शनी नाही?”

“नाही हो.”

“तुमचं मत बदललं.”

“हो ना, चांगलं झालं!”

“सरी, ठीक. मग अगोदर काय होतं?”

भीमाचार्य एकदम पळी पुसू लागले. विद्याधरांना फ्रिजची आठवण झाली.

“आता काय लपवायचं,” कल्पना शेवटी म्हणाली. “वाटलं होतं, ही मुलगी माझ्या मुलाला घेऊन जाईल. लांब कुठेतरी वेगळं बिऱ्हाड थाटेल. मी मेली वेडी!” आणि ती स्वतःच हसली.

“आयांना वाटतं स्वल्प तसं,” कावेरीअक्काही हसल्या. भीमाचार्यसुद्धा हसले. होमापाशी बसलेली दोघं, क्षितिज आणि रक्षिता, तेवढी हसली नाहीत.

“तू सांग,” क्षितिज पुटपुटला.

“मी का? आई तुझी आहे,” रक्षिता म्हणाली.

क्षितिजने घसा खाकरला. “आई, आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला फ्लॅट घेतलाय. लग्नानंतर तिकडेच राहणार आहोत.”