लेलेकाकांची कार्डं

आमच्या मुलुंडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे लेलेकाका नऊ वर्षं एकच इंग्रजी शब्द गोळा करत होते. सेट. बाकीच्या इंग्रजीशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

शब्दाचा नवा वापर कानावर पडला की ते तो कार्डावर लिहीत आणि बोलणाऱ्याची सही घेत. काका नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले. साक्षीदाराशिवाय कागद खरा नाही, हे हाडात भिनलेलं. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू म्हणाल्या, दही सेट झालं नाही. सही. प्लंबर म्हणाला, सिमेंट सेट होऊ द्या, मग नळ सोडा. सही. सलूनवाला म्हणाला, केस सेट करून देतो. सही ओल्या हाताने केली. नाक्यावरच्या कोळीणमावशी म्हणाल्या, "आमचं गिऱ्हाईक सेट हाय. सही नंतर, आधी पापलेट घे." काकांनी घेतलं. ते शाकाहारी आहेत.

मला ते जिन्यात गाठायचे. "अरे पत्रकार, हा एक शब्द नाही. दोन घराणी आहेत. एक जुन्या इंग्रजीतलं, बसवणं या अर्थाचं. दही, सिमेंट, केस त्या घरचे. दुसरं लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आलेलं, टोळीवालं. कपबश्यांचा सेट त्या घरचा. आपल्या बिल्डिंगमधले दोन जोशी कसे, आडनाव एक आणि सोयरसुतक काही नाही."

मी वर्तमानपत्रात तीस वर्षं उपसंपादक होतो. दुसऱ्याचं लांबलेलं काम कापून संपवणं हा माझा धंदा. त्यामुळे काकांच्या पंचाहत्तरीला मी त्यांना एक जाडजूड इंग्रजी कोश दिला, सेटच्या पानांत खूण घालून.

"काका, सगळे अर्थ एका जागी. आता दारोदार फिरायला नको."

"साक्षीदार कोण?"

"छापील आहे. साक्षीदार कशाला?"

ते थोडा वेळ पानं उलटत राहिले. "बरोबर आहे," म्हणाले.

घरी येऊन मी हे सांगितलं. बायको म्हणाली, "शहाणाच आहेस." ते मी कौतुक समजलो.

त्यानंतर दीड महिना काकांनी कोणाची बेल वाजवली नाही. जोशीकाकूंनी मला गेटवर विचारलं, "लेले आजारी आहेत का रे?" तेव्हा कुठे मी वर गेलो.

काका बरे होते. दाढी वाढली होती. लेलेकाकू गेल्याला दहा वर्षं झालेली, घरात दुसरं कोणी नाही. कार्डांचा डबा टेबलावर होता.

"हा घेऊन जा," ते म्हणाले. "रद्दीत दे. तुझ्या पुस्तकात सगळं आहे."

मी वरचं कार्ड उचललं. पुढे दही. मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात: जोशीबाई. पोहे दिले. गुडघा दुखतो, पुढच्या वेळी तेल नेणे. प्लंबरच्या कार्डामागे: मुलगी दहावीला, निकाल विचारणे. मावशींच्या: पापलेट जोशीबाईंना दिलं, मावशींना सांगू नये. एकाही कार्डाची मागची बाजू कोरी नव्हती.

मी माझं शोधलं. पुढे, पान सेट झालं. मागे: पत्रकार. उंबऱ्यातच सही केली. घाईत असतो. आत बोलावलं नाही.

माझ्याबद्दल इतकं नेमकं आणि इतक्या कमी शब्दांत कोणी लिहिलं नव्हतं. कापण्यासारखं काही सापडेना.

"काका, हे कार्ड पुन्हा करावं लागेल. खाली आमच्याकडे चला."

"अर्थ तोच असेल तर दुसरी नोंद होत नाही."

"अर्थ राहू द्या. मागचं बदलायचं आहे."

त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात ठेवलं. मग दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.

"साखर अर्धा चमचा," ते म्हणाले. "आणि पेन्सिल घे तेवढी. टेबलावर असेल."