सत्तर अंशांवरची रेघ

आमचे गावंडे सर कुणाला 'बरं आहे ना' असं विचारत नाहीत. 'किती अंश?' असं विचारतात. भिंतीला टेकवलेली शिडी दिसली की किती अंश, स्टँडवर कललेली स्कूटर दिसली की किती अंश. माझा नवरा जेवून खुर्चीत मागे रेलला तरी सर दारातून ओरडतात, "राजूभाऊ, एकशे वीसच्या वर जाऊन राह्यले, आता घोराल!"

सर अकोटच्या एका शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मिळालेलं शाल-श्रीफळ त्यांनी हेडमास्तरांच्या हातात परत ठेवलं आणि फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक मागून घेतला. लोक बाजारात पिशवी नेतात, सर काखेत कोनमापक नेतात. त्यावर सत्तरच्या खुणेपाशी काळ्या शाईची एक जाड रेघ आहे. ती कशाची म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जुना पेपर हाय. सोड."

आम्ही त्यांच्या घरात खाली भाड्याने राहतो, सर आणि काकू वर. मी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर. इथे राहायला येऊन दोनच महिने झाले होते, तेव्हा दर्यापूरला एका आजीची पिशवी गाडीत राहिली, ती द्यायला मी पायरीवरून उडी मारली. पिशवी आजीला मिळाली आणि माझ्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, नवीन लिगामेंट बसलं. डॉक्टर म्हणाले, माझं काम संपलं, खरं काम आता तुमचं. गुडघा नीट वाकला तर पुन्हा गाडीवर, नाहीतर कायमचं बुकिंगच्या खिडकीत. मी बारा वर्षं चालत्या गाडीत उभी राहिलेली बाई. खिडकीत बसून माझं कसं व्हायचं!

घरी आले त्याच दिवशी सर कोनमापक घेऊन हजर. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद त्यांनी मागून नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याची प्रश्नपत्रिका करून आणली. प्रश्न पहिला, टाच सरकवा. प्रश्न दुसरा, गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी दाबा. प्रश्न तिसरा, पाय ताठ उचला. सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक. सरळ पाय म्हणजे शून्य अंश, हे मात्र त्यांच्या पचनी पडायला दोन दिवस लागले.

"सरळ रेघ एकशे ऐंशीची असते, पोरी. डॉक्टरची भूमिती कच्ची हाय."

माझ्या पायाला त्यांनी कधी बोटही लावलं नाही. "पाय तुहा, पेपर तुहा. मी फक्त पर्यवेक्षक." पाय उचलून धरायचा वेळ ते घड्याळावर मोजत नसत, पाढ्यावर मोजत. तोही सतराचा, आणि म्हणायचा मीच. चुकलं की पहिल्यापासून. मी दरवेळी 'सतरा साते'ला अडकायची.

"कंडक्टर असून पाढे येत नाई?"

"सर, आता तिकीट मशीनमधून निघते!"

"मंग मशीनचाच पाय लावाचा होता!"

गॅलरीतून काकू खो खो हसायच्या. त्या कधी खाली आल्या नाहीत. दोरीला टोपली बांधून भाकरी-ठेचा सोडायच्या आणि वरूनच विचारायच्या, "कसा हाय वं गुडघा?" ऑपरेशन झालेल्या बाईला बघायला यांना सतरा पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून माझ्या मनात थोडी अढी बसली होती. ठेचा मात्र मी खायची.

चौथ्या आठवड्यात माझा गुडघा सत्तरवर येऊन अडला. सोमवारी सत्तर, मंगळवारी सत्तर, बुधवारीही तेच. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत नव्वद झालं नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल. बुधवारी मला रडूच फुटलं. म्हटलं, "सर, आजच्या दिवस राहू द्या ना."

सरांचा चेहरा एकदम उतरला. मग असे ओरडले की समोरच्या घराची खिडकी उघडली.

"राहू द्या हा शब्द या घरात चालत नाई! सत्तरवर कोणी थांबत नसते! समजलं?"

कोनमापक उचलून ते वर निघून गेले. मला भयंकर राग आला. भाडं देतो आम्ही, बोलणी खायला राहत नाही, असं मी राजूला तीन वेळा ऐकवलं. पण त्या रागातच संध्याकाळी दात-ओठ खात टाच सरकवली.

गुरुवारी सर अर्धा तास आधीच आले. सोबत पावडरचा डबा. फरशीवर पावडर शिंपडली, टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवायला लावली आणि म्हणाले, "आता सरकव. हळू. घाई नाई." टाच सरकली ती सरकतच आली. सरांनी कोनमापक लावला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"चौऱ्याहत्तर! अवं, ऐकलं का? चौऱ्याहत्तर!"

वरून काकूंनी थाळी बडवली. त्यानंतर घरात नुसती जत्रा. अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी, पंच्याऐंशी. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला राजू दुपारी फोन करून आधी आकडा विचारायचा, मग जेवलीस का विचारायचा. मला झोपेतसुद्धा अंश दिसत. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सरांनी नव्वदचा पुकारा केला आणि कोनमापक डोक्यावर धरून अंगणात गोल चक्कर मारली. अकोल्याला डॉक्टरांनी मोजलं तर ब्याण्णव. म्हणाले, भूल-बिल काही नको, असाच चालू द्या. गाडीवर जायला अजून काही महिने आहेत, पण जाल. आणि आता पायऱ्या चढायला हरकत नाही.

परतल्यावर मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि कठडा धरून चढायला लागले. प्रत्येक पायरीला चांगला पाय आधी, मग दुखरा. सतरा पायऱ्यांना दहा मिनिटं लागली, पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. दार उघडंच होतं.

काकू उंच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचा उजवा पाय समोरच्या स्टुलावर, काठीसारखा ताठ.

मी बघतच राहिले. काकूच म्हणाल्या, "ये, बस. मीबी पडली होती ना, सहा वर्सं झाले. माह्यंबी लिगामेंटच. ऑपरेशन झकास झालं. पण मी 'आई गं' म्हटलं का हे रडत. म्हणत, राहू दे आज, उद्या करू. असं उद्या-उद्या करता सत्तरवर आलं आन् थांबलं. आता तं तेवढाबी वाकत नाई. ते रेघ माह्या गुडघ्याची हाय, पोरी. सतरा पायऱ्या उतरणं होत नाई माह्याच्यानं."

सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. "छत्तीस वर्सं शिकवलं, कोणाले एक ग्रेस मार्क देला नाई. एकदाच देला. हिले."

मला त्या खिडकीपाशी जाऊन त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण गुडघा तेवढा वाकत नव्हता. म्हणून मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला आणि विचारलं, "काकू, माझ्या फिजिओथेरपिस्टला दाखवायचं का तुमचा पाय?"

पुढच्या आठवड्यात ती अकोल्याहून आली, काकूंना तपासलं. म्हणाली, फार आशा धरू नका, पण थोडेफार अंश मिळतील, आणि कागद लिहून दिला. सरांनी तो माझ्या हातात दिला. वर कोनमापकही दिला.

"माह्या हातानं होत नाई. पर्यवेक्षक तू."

"आणि पाढा?"

"मी म्हणतो. बाहेरून. बेचा घेतो, सोपा."

आज सकाळी पहिला पेपर झाला. फरशीवर पावडर, टाचेखाली पिशवी. गॅलरीतून सरांचा आवाज यायला लागला, "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा." काकूंनी ओठ दाबून टाच ओढली आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

"बे चोक..." बाहेरचा आवाज थांबला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण टाच त्यांनी सोडली नव्हती.

मी मोठ्याने म्हटलं, "सर, पाढा चुकला. पहिल्यापासून."

गॅलरीत नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"बे एके बे," सर म्हणाले.